भाऊजींच्या जागी यंत्र

"भाऊजी, या वर्षी तुम्हाला पूर्ण आराम," असं मेव्हणा विमानतळावरच म्हणाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाला आराम या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आमचे साहेब ज्याला आपण होऊन "तुम्ही आता जरा आराम करा" म्हणायचे, त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असायची.

तसंच झालं. घरी पोचून चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच त्याने टेबलावर सहा-सात माहितीपत्रकं पसरली आणि म्हणाला, "बोटीला ऑटोपायलट बसवतोय. तुमच्या जागी."

आधी माझी जागा कोणती ते सांगतो. मेव्हणा साउदॅम्प्टनजवळ, हॅम्बल नदीच्या आसपास राहतो. आपल्याकडे माणूस पन्नाशीला आला की गुडघ्याचं तेल आणि गावाकडची जमीन यांत लक्ष घालतो. त्याने शिडाची बोट घेतली. ३४ फुटांची, तिसऱ्या हाताची, आणि वयाने त्याच्या बायकोपेक्षा मोठी (हे वाक्य त्याचं, माझं नाही). आम्ही दोघं दर उन्हाळ्यात त्याच्याकडे महिनाभर जातो. पहिल्या उन्हाळ्यात बोटीवर कामं वाटली गेली. तो कप्तान. त्याची बायको शिडांच्या दोऱ्या ओढणार. आमची ही डब्यांची व्यवस्था बघणार. उरलो मी. जावयाला पाटावर बसवायची आपली रीत आहे. तिथे मला चाकामागे बसवलं. पाटावरून निदान जेवण झाल्यावर उठता येतं.

समुद्रही साधासुधा नाही. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आइल ऑफ वाइट नावाचं बेट यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी, सोलेंट. तिथे रविवारी दादरच्या रानडे रोडवर असते तेवढी गर्दी असते, फक्त पिशव्यांऐवजी शिडं. मधूनच एखादं कंटेनरांचं जहाज आठ मजली सोसायटी सरकल्यासारखं जातं. भरतीची तर गंमतच. साउदॅम्प्टनला भरतीचा माथा दोनदा येतो. पाणी चढतं, जरासं उतरतं आणि पुन्हा चढतं. पाहुणे निघतात, फाटकापर्यंत जातात आणि छत्री राहिली म्हणून परत येऊन आणखी अर्धा तास बसतात, तसं.

या सगळ्यात मी तीन उन्हाळे चाक धरून उभा होतो. बोटीला एक खोड होती. वारा जरा वाढला की ती वाऱ्याकडे तोंड वळवायला बघायची. संध्याकाळी बैल गोठ्याकडे ओढ घेतो तशी. मी चाक उलट्या बाजूला ओढून धरायचो. खांदे भरून यायचे.

"सुकाणू फार जड लागतंय रे," असं मी पहिल्या उन्हाळ्यात म्हणालो.

"भाऊजी, खांद्याला व्यायाम. इकडे लोक त्यासाठी जिमला पैसे भरतात."

दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणालो, तेव्हा त्याने माझं व्हिटॅमिन डी विचारलं. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या आधी हीच म्हणाली, "यांना घरी दूध आणायला सांगितलं तरी पिशवी जड लागते." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आता त्याच कामासाठी हजारो पौंड मोजून यंत्र येणार होतं, आणि माझ्या जागेवर कोण बसणार हे ठरवायच्या समितीवर मला घेतलं होतं. निवृत्त होणाऱ्यालाच नवा माणूस निवडायला बसवतात ही पद्धत बँकेतही होती. तिथे निदान शेवटी शाल-श्रीफळ मिळायचं.

ऑटोपायलटचे तीन भाग असतात, असं मेव्हण्याने समजावलं. एक होकायंत्र. बोट कुठे तोंड करून चालली आहे ते ते सांगतं. दुसरा मेंदू. कुठे जायला हवं होतं आणि कुठे चाललो आहोत, यातला फरक तो काढतो. तिसरा हात, म्हणजे सुकाणू प्रत्यक्ष ढकलणारा भाग. मेंदूबद्दल फारशी चर्चाच झाली नाही. कारण मेंदू हल्ली स्वस्त आणि बरेचसे सारखेच. आमच्या घराण्यातही हाच अनुभव आहे.

मेंदूमागची गोष्ट मात्र मला आवडली. निकोलस मिनोर्स्की नावाचा रशियात जन्मलेला अभियंता अमेरिकेत गेला. जहाज आपोआप सरळ कसं चालवायचं याचं गणित त्याने १९२२ साली मांडलं, आणि न्यू मेक्सिको नावाच्या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. पट्टीचा सुकाणूवाला काय करतो हे त्याने ओळखलं होतं. तो तीन गोष्टी बघतो. आत्ता दिशा किती चुकली आहे, आतापर्यंतची चूक किती साचली आहे, आणि ज्या वेगाने चुकत चाललंय त्या वेगाने पुढे काय होणार आहे. या तिन्हींचा हिशेब करून तो चाक फिरवतो. आज जगभरच्या कारखान्यांतली कितीतरी यंत्रं याच हिशेबावर चालतात.

हे ऐकून मला आईची आठवण झाली. "आज गणितात पन्नासपैकी एकोणीस!" ही आत्ताची चूक. "सहामाहीपासून हेच बघत्येय," ही साचलेली. "असंच चाललं तर दहावीला काही खरं नाही," हा वेग. तिन्ही पदं ती एका श्वासात मांडायची. मिनोर्स्कीला पुढे हात जोडायला वेगळं यंत्र लागलं. आईचा हात मेंदूला थेट जोडलेला होता आणि मध्ये वेळ अजिबात जात नसे.

तर प्रश्न उरला हाताचा. त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. शासकीय मराठीत त्याला भारदस्त प्रतिशब्द नक्की असेल आणि तो कुणीही वापरत नसेल. हिने अर्धा दिवस आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तो नुसता ढकलतो ना? मग ढकल्या म्हणा की!" त्या क्षणापासून ढकल्या.

मुलाखती सुरू झाल्या.

पहिला उमेदवार शेजारच्या बोटीवर कामाला होता. ती बोट लहान, तिला चाक नाही, सुकाणूला सरळ लाकडी दांडा. त्या दांड्याला आडवी एक नळी जोडलेली, आणि नळीतून एक कांडी घूं करून बाहेर येते, घूं करून आत जाते. वजनाने चिमुकला, उचलून घरी नेता येण्यासारखा, साधारण चार-साडेचार टनांपर्यंतच्या बोटीला पुरणारा. मला तो गरीब आणि होतकरू वाटला. पण आमच्याकडे दांडा नाही, चाक आहे. पोरगा चांगला होता, पण जागा त्याच्या शाखेची नव्हती.

दुसरा चाकाच्याच आऱ्यांवर बसणारा. परातीएवढा गोल डबा, आत मोटर आणि पट्टा, बाहेर एक खटका. खटका दाबला की चाक त्याच्या ताब्यात, सोडला की तुमच्या. एका शनिवारात बसवून होतो. किंमतही बेताची. मेव्हणा जवळजवळ हो म्हणणारच होता, एवढ्यात पत्रकातल्या बारीक अक्षरांवर माझी नजर गेली. बारीक अक्षरं वाचायचीच मी ३६ वर्षं पगार घेतला. बोट साडेसात टनांच्या आत हवी, असं तिथे लिहिलं होतं.

"आपली ५,४०० किलो," मेव्हणा म्हणाला. "कागदावर आहे."

कागदावरचं वजन म्हणजे लग्नाच्या स्थळाने कळवलेलं वजन. या धंद्यातले जाणते सांगतात की बोट भरलेली असताना जेवढी असते तेवढं वजन धरा, आणि वर २० टक्के जास्त ठेवा. मुंजीला १५० पानं सांगितली की आचारी १८० पानांचं साहित्य लिहून देतो, तोच हा हिशेब. आम्ही वही घेऊन बसलो. पाणी २०० किलो. डिझेल १००. नांगर आणि साखळी १२०. बॅटऱ्या आणि हत्यारं १५०. हवेची छोटी होडी आणि तिचं इंजिन ८०. माणसं चार, २८०. मागच्या मालकाने ठेवून गेलेल्या आणि कशाच्या आहेत हे न कळल्यामुळे टाकून न दिलेल्या वस्तू, १२०. डबे, बॅगा, तांदूळ आणि थालीपिठाची भाजणी, १५०.

"माझ्या बॅगेवर ढकलू नका," ही आतून म्हणाली.

बेरीज ६ टन ६०० किलो आली. त्यावर २० टक्के, म्हणजे जवळजवळ ८ टन. परातवाला बाद.

इथे मेव्हण्यातला अभियंता जागा झाला. त्याच्या दिवाणखान्यात बटण दाबलं की पाय वर येणारा एक सोफा होता. त्याची मोटर बिघडल्याने तो कायमचा आडवा झाला होता, म्हणून त्याने नवा ढकल्या मागवून ठेवला होता. "हाच बोटीला लावला तर?" त्याचे डोळे चमकले. ताकद भरपूर, किंमत दहावा हिस्सा. सुकाणूच्या उभ्या खांबाला २५ सेंटीमीटरचा आडवा हात जोडायचा, तो दोन्ही बाजूंना ३५ अंश फिरवायचा, म्हणजे ढकल्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २९ सेंटीमीटर जावं लागतं. आम्ही त्या नव्या ढकल्यावर घड्याळ लावलं. सेकंदाला एक सेंटीमीटर. म्हणजे अर्धा मिनिट. समुद्रात हे काम दहा-बारा सेकंदांत व्हावं लागतं. अर्ध्या मिनिटात लाट येते, बोट फिरवते आणि निघूनही जाते. त्यानंतर सोफा विचारणार, "काही म्हणालात का?"

त्याहून मोठा दोष दुसरा. सोफ्याचा ढकल्या वीज गेली की आहे तिथे घट्ट अडकतो. सोफ्याला तो गुण आहे, नाहीतर माणूस धाडकन खाली येईल. पण बोटीवर समोर मासेमाराच्या जाळ्याची खूण दिसली आणि चाक हाताने फिरवायची वेळ आली, तर यंत्राने तत्क्षणी बाजूला झालं पाहिजे. म्हणून बोटीच्या चांगल्या ढकल्याला क्लच असतो. बंद केलं की सुकाणू मोकळं. पकड घट्ट असावी आणि सोडताही यावी, ही अट मला सासरच्या माणसांनाही लावावीशी वाटली, पण मी त्यांच्याच घरी बसलो होतो.

शिवाय सोफ्याच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की तो थोडा वेळ काम करतो आणि मग त्याला भरपूर विश्रांती लागते. याच्याशी माझं जमलं असतं.

मग वरच्या श्रेणीतले तीन उमेदवार आले. हे तिघे बोटीच्या पोटात, नजरेआड राहून काम करणारे. पहिला साखळीवाला. सायकलीसारखी साखळी आणि दातेरी चक्र, चाकाच्या यंत्रणेला जोडून फिरवायचं. जागा अगदीच कमी असली तर हा बरा. दुसरा तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक. पंप आणि दट्ट्या. जेसीबीच्या कुळातला. ताकद अफाट, चाल लोण्यासारखी, मोठ्या जड बोटींसाठी उत्तम, आणि किंमत ऐकून मेव्हण्याने पत्रक उलटं करून ठेवलं. तिसरा स्क्रूवाला. मोटर आत लांब आट्यांचा दांडा फिरवते आणि बाहेरचा दांडा पुढे-मागे सरकतो. जोर सुमारे ३०० किलोंचा.

इथे एक मुद्दा निघाला, आणि सगळ्या काथ्याकुटात तोच सगळ्यात शहाणपणाचा होता. आमच्या बोटीत चाकापासून सुकाणूपर्यंत तारेचे दोर जातात. साखळीवाला काय किंवा परातवाला काय, दोघेही चाकाकडून ढकलतात. तार तुटली तर चाकही गेलं आणि यंत्रही गेलं. स्क्रूवाला किंवा तेलवाला सुकाणूच्या खांबाला स्वतःच्या वेगळ्या हाताने थेट धरतो. तार तुटली तरी तो सुकाणू फिरवत राहतो, आणि बटणं दाबत घरी येता येतं. घरात दोन मिळवते असावेत, पण दोघांची नोकरी एकाच कंपनीत नसावी, हे बँकेत कर्ज देताना आम्ही बघायचो, ते हेच.

स्क्रूवाल्याची निवड जवळपास ठरली. तरी मेव्हण्याला आकडा हवा होता. विमानाच्या बॅगा तोलायचा स्प्रिंगचा काटा घेऊन तो बोटीवर आला. वारा पंधरा-सोळा नॉटचा. त्याने काटा चाकाच्या कडेला अडकवला, मला चाक सोडायला लावलं आणि ओढून धरलं. काटा १२ किलोंवर गेला.

"बाप रे," तो म्हणाला. मला वाटलं, तीन वर्षांनी न्याय मिळाला. पण त्याने वहीत आकडा लिहिला आणि पुढे म्हणाला, "मोठाच ढकल्या लागणार. आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत जोर वाढतो. पाच नॉटचे सात झाले की जवळपास दुप्पट!" मी तीन वर्षं काय ओढत होतो ते पुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र यंत्राच्या बाजूने होता.

मग मापं. ढकल्याचं एक टोक सुकाणूला, तर दुसरं बोटीच्या अंगाला पक्कं लागतं. ३०० किलोंनी ढकलायचं तर पाठ टेकायला तेवढीच भक्कम भिंत हवी, नाहीतर सुकाणू जागच्या जागी राहतं आणि भिंत सरकते. सुकाणू मधोमध असताना ढकल्या त्या आडव्या हाताशी काटकोनात हवा. आणि सुकाणूला थांबवणारे अडसर असे हवेत की ढकल्याचा दांडा संपायच्या आधी सुकाणू अडलं पाहिजे, नाहीतर ढकल्या स्वतःलाच फोडून घेतो. हे सगळं मोजायची जागा बोटीच्या मागच्या कप्प्यात. त्या कप्प्याचं तोंड देवघराच्या दाराएवढं. कुटुंबात त्यात मावणारा एकच माणूस होता.

"भाऊजी, डोकं आधी."

मी डोकं आधी घातलं. आत डिझेलचा वास, ओला दोर आणि मागच्या मालकाच्या त्या १२० किलोंपैकी बरंच काही होतं. दातांत टॉर्च, हातात टेप. वरून मेव्हणा चाक फिरवत विचारतो, "किती?" मी दातांतल्या टॉर्चसकट सांगतो. तो विचारतो, "बत्तीस की बावीस?" मी पुन्हा सांगतो. बाहेर फक्त माझे पाय दिसत होते, आणि शेजारच्या बोटीवरचे ऐंशीच्या घरातले इंग्रज आजोबा त्या पायांना गुड मॉर्निंग म्हणाले. काही झालं तरी तो देश सभ्य आहे.

स्वतःच्या जागी येणाऱ्याच्या गादीचं माप इतक्या अवघड स्थितीत कुणी घेतलं नसेल.

विजेचाही हिशेब झाला. असा ढकल्या बारा व्होल्टवर सरासरी ३ अँपियर खातो असं धरलं, तर दिवसाला ७२ अँपियर-तास. आमची बॅटरी १००ची, आणि तिच्यातले निम्मेच काढावेत असा नियम. म्हणजे सोलर पॅनेल आलं, त्याचा कंट्रोलर आला, आणखी एक बॅटरी आली. मी हिशेबाच्या तळाशी एक ओळ लिहिली : भाऊजी, दोन चहा आणि एक लाडू.

"दोन?" ही म्हणाली.

संध्याकाळी ते आजोबा आमच्याकडे चहाला आले. मेव्हण्याने त्यांना १२ किलोंचा आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, "त्या वेळी मोठं शीड किती उघडलं होतं?" पूर्ण, असं मेव्हणा अभिमानाने म्हणाला. आजोबांनी बिस्कीट चहात बुडवलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली.

१९६० साली प्लिमथहून न्यूयॉर्कला एकेकट्या माणसाने जायची पहिली शर्यत झाली. ब्लाँडी हॅस्लरच्या डोक्यातून निघालेली. एकटा माणूस चाळीस-पन्नास दिवस सुकाणू कसं धरणार? म्हणून त्यांनी वाऱ्यावर चालणारं पातं बसवलं. वीज नाही, मोटर नाही. वारा बदलला की पातं वळतं आणि सुकाणू फिरवतं. फ्रान्सिस चिचेस्टरने आपल्या पात्याचं नाव मिरांडा ठेवलं होतं आणि ४० दिवसांत तो पहिला आला. पण पात्याने सुकाणू फिरायचं तर सुकाणू हलकं असावं लागतं. म्हणून त्या लोकांनी आधी शिडांचा तोल शिकून घेतला.

"आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन?" मेव्हणा म्हणाला. हे नाव त्यालाही माहीत होतं, मलाही. कारण त्याची सुहैली ही सागवानी बोट मुंबईत बांधलेली. १९६८-६९ साली त्याने तिच्यातून कुठेही न थांबता, एकट्याने, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी करणारा तो जगातला पहिला. आमची छाती नेहमीप्रमाणे फुगली. सुतारकाम आमच्याच काकांनी केलं असावं, अशी.

"त्याचं सुकाणूचं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडलं," आजोबा म्हणाले. "पुढचं अर्धं जग तो शिडांचा तोल साधून आला. तुमच्या मुंबईच्या बोटीला हात कमी लागला, कारण तोल जमला होता." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कधी सुकाणू जड नाही वाटलं?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा बिस्किटांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने ढकल्या मागवला.

बसवायला आठवडा गेला. भिंत भक्कम करायला धक्क्यावरचा कारागीर आला, आणि त्याच्या मजुरीचा आकडा ढकल्याच्या पत्रकात कुठेच नव्हता. पूजा झाली. नारळ टेस्कोतला, हळदीकुंकू डोंबिवलीचं. पुढच्या शनिवारी आम्ही हॅम्बलमधून बाहेर पडलो, कॅलशॉटचं टोक ओलांडलं आणि मेव्हण्याने बटण दाबलं. चाक आपोआप हललं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात रिकामेच होते.

पाच मिनिटांत बोट भलतीकडे चालली. पडद्यावर दिशा बरोबर, समोर मात्र आइल ऑफ वाइटऐवजी एक तेलशुद्धीकरण कारखाना. मेंदूत दोष, वायरिंगमध्ये दोष, उपग्रहात दोष, असे सगळे तर्क झाले. शेवटी ही खाली जाऊन आली आणि म्हणाली, "होकायंत्राच्या कप्प्यात वहिनींनी बिडाचा तवा ठेवलाय." तवा हलवला. बोट शुद्धीवर आली. एवढ्या महागड्या यंत्राला तव्याने वळवलं, यात मला नवल वाटलं नाही. मलाही आयुष्यभर त्यानेच वळवलं आहे.

सोलेंटच्या मध्यावर वारा वाढला. वीस नॉट. बोट कलली, डबे घसरले, आणि तिने जुनी ओढ घेतली, वाऱ्याकडे. कप्प्यातून ढकल्याचा आवाज येऊ लागला. आधी घूं, मग घूंऊं, मग विहिरीवरचा जुना रहाट कुरकुरतो तसा. मी तो आवाज ओळखला. तीन उन्हाळे माझ्या खांद्यातून तोच येत होता.

आणि मग पडद्यावर लाल अक्षरं आली आणि यंत्राने केलं, "पीं पीं पीं."

मेव्हणा ताडकन उठला. "सुकाणूवर लोड येतोय! शीड जास्त झालंय! भाऊजी, चाक घ्या! अगं, मोठं शीड खाली घे, एक पट्टा बांधून टाक!" पुस्तिकाही उघडली गेली. तिच्यात लिहिलं होतं की सुकाणू जड होत असेल तर आधी शिडं कमी करून तोल साधावा. ही ओळ त्याने आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली, माझ्याकडे बघत, जणू मला नवीन काहीतरी कळत होतं.

शीड आवळलं. बोट सरळ झाली. डबे थांबले. वेग तसूभरही कमी झाला नाही, उलट थोडा वाढलाच. मेव्हण्याने काटा चाकाला अडकवला : २ किलो. मी दोन बोटांनी चाक धरून उभा राहिलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला बेटावरच्या काउझ गावाची घरं नीट दिसली.

मी सांगितलं ती कुरकुर होती. काट्याने सांगितलं ती नोंद झाली. यंत्राने सांगितलं तेव्हा कुठे शीड उतरलं. तक्रार शब्दांत केली हीच माझी चूक. शब्द आले की समोरच्याला त्यात स्वभाव दिसतो, वय दिसतं, दुधाची पिशवी दिसते. "पीं" मध्ये यातलं काहीच दिसत नाही.

"म्हणजे बारकाच ढकल्या चालला असता," मेव्हणा हळूच म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही. २० टक्के वर धरायचे असतात.

मला वाटलं, आता आपण खरंच मोकळे. पण समुद्रावर टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, आणि त्यातला पाचवा म्हणतो की प्रत्येक जहाजावर डोळ्यांनी आणि कानांनी सतत पहारा हवा. ढकल्याला हात आहेत, डोळे नाहीत. समोर फेरी आली तर तो अगदी अचूक दिशेने तिच्यावर जाऊन आदळेल. सोलेंटच्या मधोमध तर ब्रॅम्बल नावाचा वाळूचा उंचवटा आहे. फार मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो, आणि वर्षातून एकदा लोक त्यावर जाऊन पाणी यायच्या आत क्रिकेटचा सामना उरकतात. क्वीन एलिझाबेथ २ सारखं अवाढव्य जहाजही २००८ साली त्यावर रुतलं होतं. तिथे शेकडो माणसं कामावर असताना हे झालं. आमच्याकडे तर नुसता ढकल्या.

म्हणून माझी बदली झाली. चाकामागून पुढे, उशी घेऊन, नुसतं बघत बसायचं. बँकेत याला ऑडिट म्हणायचे.

परतायच्या आदल्या दिवशी यंत्राचं बारसं झालं. बोटवाले लोक यंत्राला नाव देतातच. जुन्या जहाजांवरच्या आपोआप सुकाणूला खलाशी मेटल माइक म्हणायचे, चिचेस्टरची मिरांडा होती. घरातल्या मुलांनी आमच्या यंत्राचं नाव भाऊजी ठेवलं. आता बोटीवर दिवसभर ऐकू येतं, "भाऊजींना चालू करा", "भाऊजी गरम झालेत", "भाऊजींचा आवाज येतोय, शीड कमी करा." भाऊजींची तक्रार लगेच ऐकली जाते, हे ऐकून बरं वाटतं.

त्या संध्याकाळी सगळे पत्ते खेळत बसले होते. मला चहा हवा होता. दोनदा म्हणालो, "चहाचं बघा जरा कुणीतरी." कुणी मान वर केली नाही. मी थोडा विचार केला, आणि पानांवरून नजर न उचलता म्हणालो, "पीं पीं पीं."

ही उठली. चहा आला, बरोबर लाडू आला. बशी ठेवता ठेवता तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "खरंच एवढं जड होतं का हो ते?"